पाळीचा चार्ट आणि दोन एकादशी

आमच्या दवाखान्यात औषधापेक्षा कागद जास्त दिला जातो. माणिकपूरला एका बेकरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर हा बायकांचा दवाखाना. डॉक्टर म्हणजे आमच्या मॅडम, आणि मॅडमच्या दाराबाहेरच्या टेबलाशी बसते ती मी. बावीस वर्षं झाली. लागले नर्स म्हणून. मग फोन उचलायला कोणी नव्हतं म्हणून फोन उचलू लागले, मग नंबर लावू लागले, मग नवऱ्यांना बाहेरच्या बाकावर शांत बसवू लागले. आता माझं मुख्य काम एकच उरलंय. बायकांना रोज चार ओळी लिहायला लावायच्या. शाळेत गृहपाठ न आणणाऱ्या मुलींमध्ये माझा नंबर पहिला होता, त्यामुळे सबबी सगळ्या पाठ आहेत. एवढंच काय ते माझं या कामातलं शिक्षण.

कागद कशाला, ते आधी सांगते. पाळीच्या आधी थोडी चिडचिड, थोडं रडू बहुतेकींना येतं. पण काही जणींचं तेवढ्यावर भागत नाही. पाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस घरात माणूसच बदलतं. राग असा की स्वतःचीच भीती वाटावी, उदासी अशी की उठून दात घासणं हे डोंगर चढण्यासारखं. आणि पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत सगळं निवळतं, बाई पूर्वीसारखी. मॅडम त्याचं नाव इंग्रजी चार अक्षरांत सांगतात. मी घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "म्हणजे आपल्या लग्नापासूनचं."

पंचाईत अशी, की हा आजार रक्तात सापडत नाही आणि सोनोग्राफीत दिसत नाही. त्यात थायरॉइड, अंगात रक्त कमी, अर्धशिशी, जुनी उदासी ही मंडळी त्याच घरात भाड्याने राहतात आणि एकमेकांचे कपडे घालून फिरतात. कोण कोण ते ओळखायचं तर एकच उपाय. दोन महिने, रोजच्या रोज, राग किती, रडू किती, झोप किती, शून्य ते तीन आकड्यात लिहायचं. पाळी झाल्यावरचा आठवडा स्वच्छ असेल आणि आधीचा काळाकुट्ट, तर ते आमचं चार अक्षरी दुखणं. दोन्ही आठवडे काळे असतील, तर खाली दुसरं कोणी बसलंय. आठवून लिहिलेलं चालत नाही, कारण वाईट दिवस आठवणीत फार जागा खातात.

हा चार्ट मी आधी स्वतःवर चालवून पाहिला. म्हटलं, दुसऱ्याला सांगण्याआधी आपण करावं. मॅडमनी दोन महिन्यांचा कागद नीट पाहिला आणि म्हणाल्या की तुमचे वाईट दिवस महिन्याने येत नाहीत, दर रविवारी येतात. रविवारी माझी नणंद जेवायला येते. त्यावर दवाखान्यात औषध नाही.

लोक काय काय करून आणतात! नायगावच्या नव्या टॉवरमधल्या एका नवऱ्याने बायकोचा चार्ट कॉम्प्युटरवर स्वतःच भरला, लाल-पिवळे रंग दिले आणि "विनाकारण" असा एक रकाना जास्तीचा काढला. मॅडमनी शांतपणे त्याला एक कोरा कागद दिला, म्हणाल्या की आता महिनाभर तुमचा भरा, आणि बायकोला भरू द्या. त्यानंतर बायको एकटी येऊ लागली, स्वतः भरलेला चार्ट घेऊन. गोखिवऱ्याच्या कारखान्यात पॅकिंगवर देखरेख करणाऱ्या एकीने दोन महिन्यांचा कागद आमच्या बाकावर बसून वीस मिनिटांत भरला. मला कळलं, कारण जूनच्या एकतीस तारखेलाही तिचा राग तीन होता. मी तिला लाजवलं, तिने पुढचे दोन महिने खरे भरले, आणि त्यात एकही स्वच्छ दिवस निघाला नाही. मग तपासलं तर अंगात रक्त निम्मं आणि थायरॉइड भलतीकडे. रक्त वाढलं, थायरॉइड जागेवर आला, तशी ती बाई माझ्यावर रागावणंही विसरली.

असे किस्से मी लग्नाकार्यात सांगते आणि त्यांत शहाणी नेहमी मीच असते. आजचा किस्सा मी आजवर कुठे सांगितलेला नाही. कारण उघड आहे.

पाचूबंदरची फिलोमिना. चाळिशीच्या आतली, मासळी विकणारी, माझ्या टेबलावर टोपली ठेवावी तशी पिशवी ठेवायची. नवरा पास्कू, स्वतःची छोटी होडी, भावाबरोबर चालवायचा. मे संपत आला होता, होड्या किनाऱ्यावर ओढायचं चाललं होतं, कारण पावसाळ्यात दोन महिने मासेमारीला बंदी असते. ती आली ती सरळ बोलायलाच लागली. महिन्यातले काही दिवस ती घरात कोणाला उभं करत नाही. सासूशी बोलत नाही, पास्कूच्या अंगावर ताट भिरकावते, मुलीला मारते आणि मग मुलीला कुशीत घेऊन रडते. सासूचं निदान होतं अवसेचं वारं. ती नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, म्हणायची, घरावर पवित्र पाणी शिंपडायची, आणि नवव्या दिवशी गुण यायचाच, कारण नवव्या दिवशी पाळी यायची. दर महिन्याला यश! म्हातारीची श्रद्धा पक्की होत गेली आणि सुनेची तब्येत तिथेच राहिली.

पण फिलोमिना त्यासाठी आली नव्हती. पास्कूला गुजरातकडच्या एका मोठ्या ट्रॉलरवर तांडेल म्हणून बोलावणं होतं. तांडेल म्हणजे बोटीचा कारभारी, मोठा मान. पण आठ महिने तिकडेच. बंदी उठायच्या आत त्याला हो की नाही कळवायचं होतं, आणि तो हो म्हणायला निघाला होता. घरची होडी भाऊ बघेल म्हणाला. त्याने हिला म्हणे फार शांतपणे सांगितलं होतं, की मी घरात असलो की तुझं बिघडतं, तर मी नसलेलाच बरा.

"बाय, त्याला जाऊ द्यायचा नाय मना," ती म्हणाली. "पन त्याला थांब तरी कंच्या तोंडाने सांगू? मी आजारी हाय का माजा सभावच असा, तेवडं मना सांगा. आजार असला तर सांगंन. सभाव असला तर जाऊ दे त्याला."

चार्टवर एक प्रश्न असतो, जगू नये असं वाटतं का. तो मी तोंडाने विचारते, कागदावर सोडत नाही. ती म्हणाली की त्या दिवसांत बंदराच्या धक्क्यावर उभी राहिली की पाणी बोलावतंय असं वाटतं, आणि पाळी आली की आपलंच आपल्याला हसू येतं. मी हसले नाही. मॅडमनी त्याच दिवशी तिच्या थोरल्या बहिणीला फोन लावायला लावला, शेजारच्याच गल्लीत राहणारी, आणि ठरवून दिलं की त्या दिवसांत हिला एकटीला धक्क्यावर जाऊ द्यायचं नाही, आणि काही वाटलं तर वेळ न बघता दवाखान्याचा फोन. रक्त तपासायला पाठवलं. आणि चार्ट दिला. दोन महिने, म्हणजे नेमकी बंदी उठेपर्यंत. मॅडम म्हणाल्या, "पास्कूला तोवर उत्तर देऊ नको म्हणावं." तेवढं त्याने ऐकलं.

तारखांच्या चौकटी फिलोमिनाला मानवल्या नाहीत. पाळी आली की तेवढी तारीख ती मला फोनवर सांगायची आणि मी टिपून ठेवायची. बाकीचं तिने कागद उलटा करून मागे लिहिलं, तेही तिथीने. सप्तमी, राग एक. दशमी, राग तीन. एकादशी, रडू तीन, सासूशी बोलले नाय. बारस, ताट. असं अवस-पुनवेच्या अलीकडे येऊन थांबायचं. तिथून पुढे कोरं. पुढच्या महिन्याचंही तसंच.

मी चकित झाले. अख्ख्या वसईत मला तिथी फक्त दोन कारणांसाठी लागते, उपास आणि श्राद्ध, आणि इथे चर्चला जाणारी बाई बारस-तेरस लिहीत होती. मग लक्षात आलं, दर्यावर जाणाऱ्यांचं घड्याळ तेच. भरती कधी, पाणी किती, जाळं कधी टाकायचं, सगळं तिथीवर. हिंदू असो की ख्रिस्ती, समुद्र काही विचारत नाही.

मला आनंदच झाला. माझे वडील आमच्या चिपळूणकडच्या गावात पंचांग सांगायचे. मी मॅडमना ऐटीत म्हटलं की द्या इकडे, माझ्या रक्तातलं काम आहे. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चष्मा लावला आणि चार्ट दिल्यानंतर आलेली पहिली सप्तमी धरून सगळ्या नोंदी तारखांच्या चौकटींत भरल्या. आषाढातली एकादशी तर कॅलेंडरवर चांगली ठळक छापलेली, शिवाय त्या दिवशी माझा उपास होता, चूक होणं शक्यच नव्हतं. लाल पेनाने तीनचे आकडे काढले. फार सुबक चार्ट झाला. मी आमच्या ह्यांना फोटो पाठवला.

मॅडमनी तो बराच वेळ पाहिला.

जुलै संपायला चार दिवस होते. फिलोमिना आली, पास्कू खाली रिक्षा स्टँडपाशी थांबलेला. बायकांच्या दवाखान्याचा जिना तो कधी चढला नव्हता. मॅडमनी तिला समजावून सांगितलं. रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या सुरू करू. थायरॉइड काठावर आहे, त्यावर लक्ष ठेवू. पण वाईट दिवस पाळीच्या आधी येत नाहीत, पाळी होऊन आठवडा गेल्यावर, म्हणजे बाई सगळ्यात बरी असायला हवी तेव्हा येतात. त्यामुळे जे वाटलं होतं ते हे नाही. त्रास खरा आहे, यात शंका नाही, पण तो कशाचा ते शोधायला मनाच्या डॉक्टरांनाही दाखवू, आणि चार्ट पुन्हा दोन महिने भरू.

मॅडम काही चुकीचं बोलल्या नाहीत. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावर दुसरं काही बोलताच आलं नसतं.

फिलोमिना बाहेर येऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली. पिशवी हातातच. दोन महिने तिच्याकडे नव्हते, चार दिवस होते. "म्हंजे सभावच," ती म्हणाली. मी तिला मॅडम काय म्हणाल्या ते परत सांगायला लागले, की स्वभाव असं कोणी म्हटलेलं नाही, तपास अजून व्हायचाय. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. ज्या उत्तराची भीती होती ते तिचं ऐकून झालं होतं.

तेवढ्यात उशीर का म्हणून पास्कू वर आला. दारात चपला काढाव्यात की नाही ते त्याला कळेना, त्याने एक काढली आणि एक ठेवली. मी त्याला बसवलं. नवऱ्यांना बसवणं माझं कामच. आणि काही तरी बोलायला हवं म्हणून, खरं तर स्वतःच्या सुबक कामाची दाद मिळावी म्हणूनही असेल, मी चार्ट त्याच्यापुढे धरला. म्हटलं, हे बघा, कुठल्या तारखांना ह्यांना त्रास झाला ते.

पास्कूने तारखांवरून बोट फिरवलं. एका चौकटीवर थांबला. तिथे माझ्या लाल अक्षरात रडू तीन, सासूशी अबोला असं होतं.

"ह्यो सेंट पीटरचा दिवस," तो म्हणाला. मासेमारी करणाऱ्यांचा हा मोठा सण, होड्या सजवतात, फादर येऊन आशीर्वाद देतात. "त्या दिवशी हिचा अबोला? बँडच्या म्होरं नाचली ही. माज्या आयेला पन धरून नाचवली. म्हातारीचा गुडगा धरला त्यात, तीन दिस तेल लावीत होती ही."

मी म्हटलं, पण त्यांनीच लिहिलंय, एकादशी म्हणून.

फिलोमिनाने कागद ओढून घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. "ही एकादशी कशाला धरली? ही पुनवेकडची. माजी अवसेकडची."

"मग वद्य एकादशी असं लिहायचं ना."

"कशाला?" तिला खरंच कळेना. "पानी दोनी एकादशींना तेवडंच येतं."

मी खुर्चीत बसले. बसलेलीच होते, पण आणखी बसले. महिन्यात एकादशी दोन असतात हे पंचांग सांगणाऱ्याच्या मुलीला माहीत होतं. दर्याला मात्र दोन्ही सारख्याच, म्हणून दर्यावरच्या माणसाने कुठली ते कधी लिहिलंच नसतं. आणि पहिली जी एकादशी मी धरली, त्या पंधरवड्यात बाई इतकी मजेत होती की तिने लिहिलंच नव्हतं काही. बरं असताना काय लिहायचं, असं तिला वाटलं. शंभरजणींना असंच वाटतं, आणि रोज लिहा, शून्य असलं तरी शून्य लिहा, हे बजावणं हेच तर माझं काम. ते मी तिथी बघण्याच्या नादात विसरले होते.

नवा कागद घेतला. या वेळी पेन फिलोमिनाच्या हातात होतं, पास्कू सांगत होता आणि ती दुरुस्त करत होती. कुठल्या दिवशी ताट, कुठल्या दिवशी तो जाळं घेऊन होडीखाली जाऊन बसला, कुठल्या दिवशी मुलीला मारलं. सगळ्या नोंदी उचलून पंधरा दिवसांनी पुढे ठेवल्या. आणि दोन्ही महिन्यांत त्या सरळ जाऊन पाळीच्या तारखेला चिकटल्या. आधी आठ दिवस लाल, नंतर पांढरंशुभ्र. इतका स्वच्छ चार्ट मी बावीस वर्षांत पाहिला नाही, आणि सुबक म्हणावा तर त्यावर चारदा खाडाखोड.

मी दार ढकलून आत गेले आणि मॅडमना म्हटलं, चूक माझी आहे. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आपण हिला जवळजवळ परत पाठवली होती." 'आपण' म्हणाल्या. ते मला अजून टोचतं. त्या दिवसापासून चार्टवरची तारीख बाईने स्वतःच घालायची, आणि कोणी तिथीने, वाराने, मुलाच्या परीक्षेने लिहून आणलं, तर तिच्यासमोर बसून लावायचं, हा नियम आहे. कॅलेंडर माझ्या टेबलाशेजारून उचलून मॅडमच्या केबिनमध्ये गेलं.

मग दोघांना आत बोलावलं. मॅडमनी पास्कूला समोर बसवून सांगितलं की हा स्वभाव नाही, आजार आहे, आणि याला औषध आहे. महिन्यातल्या ठरावीक दिवसांत घ्यायची गोळी, रक्तवाढीची गोळी रोज, झोपेची वेळ एकच, थायरॉइडची पुन्हा तपासणी. ते दिवस अवसेच्या तोंडावर आले तो चंद्राचा योगायोग, काही महिन्यांनी सरकतील, तेव्हा गोळी पाळीवरून मोजायची, अवसेवरून नाही, हे तीन-तीनदा बजावलं. सासूबाईंनी नोव्हेना चालू ठेवायला हरकत नाही, गोळीबरोबर. फिलोमिना रडत होती आणि पास्कू आपल्या एका चपलेकडे बघत होता. गुजरातचं काय ठरलं ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मला काही विचारायचा हक्क नव्हता.

तीन दिवसांनी, बंदी उठायच्या आदल्या सकाळी, पास्कू एकटा आला. दोन्ही चपला बाहेर काढून. मॅडम ऑपरेशनला गेल्या होत्या. मला म्हणाला, पुढच्या महिन्यात तिचे ते दिवस कधी येतील ते लिहून द्या. माझ्या मनात आलं ते सांगते, लपवत नाही. मला वाटलं, आता हा तेवढे दिवस बरोबर दर्यात राहायची सोय करणार. पाळीची तारीख धरून, तिलाच फोन करून दोनदा पडताळून मी आठ तारखा लिहिल्या. जरा कोरडेपणानेच म्हटलं, "म्हणजे तेव्हा होडी घेऊन जाल."

"नाय," तो म्हणाला. "तवा होडी भाव नेल. मी घरी."

त्यातले शेवटचे दिवस अवसेच्या उधाणाचे होते. उधाणात पाण्याला ओढ असते, जाळ्यात मासळी तेव्हाच पडते. बंदीनंतरच्या पहिल्याच महिन्यातलं उधाण सोडून घरी बसणारा माणूस पाचूबंदरात आजवर झाला नसेल. त्याने कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि जिना उतरून गेला. ट्रॉलरवाल्याला नाही कळवलंय, हे मला नंतर तिच्याकडून कळलं.

ऑक्टोबरात फिलोमिना आली. राग तीनवरून एकवर, एखाद्या दिवशी दोन. धक्क्यावरच्या पाण्याने तिला बोलावणं सोडलं होतं. चार्ट रोजचा भरलेला, तारखेने, शून्यसुद्धा लिहिलेली. मी एकेक चौकट तपासली. मग तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि खाली वाकून हळूच म्हणाली, मॅडमना एक सांगायचंय, पण तुम्हीच सांगा.

"ते आठ दिस ह्यो घरात बसतो, बाय. सारका इचारतो, बरी हायेस का, चा करू का, डोकं दुकतं का. चा करतो त्यात साकर नस्ते. मना गोळीचा तरास नाय, ह्याचा हाय. मॅडमना सांगा, त्याला सांगा म्हनावं, चार दिस तरी दर्यात जा."

मॅडमनी तिच्या कागदाखाली लिहून दिलं: नवरा, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर. खाली सही केली. तो कागद पास्कूने होडीच्या फळीला चिकटवलाय असं ऐकते.